माळ्यावरच्या कॅसेटी आणि संगणकाचा मुनीम

जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा पेढीच्या तिजोरीशेजारच्या कपाटात बिस्किटांचा एखादा पत्र्याचा डबा हमखास सापडतो. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या त्या डब्यात दहा-बारा कॅसेटी असतात. एकीवर शाईच्या पेनाने ‘चातुर्मास प्रवचन’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘वर्षीतप पारणे, बायकांची गाणी’. तिसरीवर फक्त ‘बा’ एवढेच अक्षर असते. ज्यांनी ते लिहिले ते आज नसतात आणि आत कोणता आवाज आहे हे सांगणारेही घरात उरलेले नसतात. मग दिवाळीच्या सफाईत कोणीतरी ठरवते, की हे सारे संगणकावर उतरवून घ्यायचे. बाजारातून किंवा एखाद्या नातेवाइकाकडून एक छोटी यूएसबी ऑडिओ पेटी आणली जाते. तिच्या एका टोकाला टेपरेकॉर्डर आणि दुसऱ्या टोकाला संगणक जोडला जातो. येथेच बहुधा पहिली चूक होते. कॅसेट आधी चालू केली जाते आणि संगणकाची व्यवस्था मागाहून पाहिली जाते.

कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटवलेले चुंबकीय कण. ही फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या वेगाने टेपच्या हेडला घासत पुढे सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत त्यातल्या त्यात दणकट असते, नव्वदची तिच्याहून पातळ आणि एकशेवीसची तर इतकी पातळ की जुन्या यंत्रात ती गुंडाळली जाण्याची भीती सतत असते. फितीला हेडवर दाबून धरणारी लहानशी मऊ गादी गोंद सुकल्याने निखळलेली असते. आरंभीचा पारदर्शक तुकडा फितीपासून सुटलेला असतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा लागून रिळांच्या कडेला पांढुरकी बुरशी दिसते. जैन घराला बुरशीविषयी वेगळे सांगावे लागत नाही. ती पुसत बसण्यापेक्षा मुळात उद्भवू न देणे हीच जयणा. म्हणून अशा वस्तू कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि जिच्यावर बुरशी आलीच आहे ती कॅसेट घरच्या यंत्रात घालू नये, जाणकाराकडे सोपवावी. थोडक्यात, चाळीस वर्षांची फीत आणखी किती वेळा फिरेल हे कोणालाच सांगता येत नाही. काही फिती एकदाच चालतात. ती एक फेरी चालू असताना संगणकाने ‘उपकरण ओळखता आले नाही’ असे म्हटले, तर हानी संगणकाची होत नाही.

आवाजातले ज्ञान वेळेत उतरवून घेण्याची निकड या समाजाला नवी नाही. मुखोद्गत आगमांचे विस्मरण होऊ लागल्यावर वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली ते ग्रंथारूढ झाले. श्वेतांबर परंपरा तो काळ वीर निर्वाणानंतर ९८० वर्षांचा, मतांतराने ९९३ वर्षांचा मानते. दिगंबर परंपरेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन शिष्यांना दिलेल्या ज्ञानातून षट्खंडागम लिहिले गेले, आणि त्याची आठवण म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळली जाते. त्याच ग्रंथावरील धवला टीकेचा पहिला भाग डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली आपल्या अमरावतीहून छापून निघाला. घरातली कॅसेट म्हणजे आगम नव्हे, हे उघड आहे. पण ‘बा’ नावाच्या त्या कॅसेटीत एखादी सज्झाय अशा चालीत असू शकते, जी त्या गावाबाहेर कोणी कधी म्हटलीच नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करावी. अनेक साधू-साध्वी अग्निकाय आणि वायुकाय जीवांच्या विराधनेमुळे ध्वनिवर्धक वापरत नाहीत आणि ध्वनिमुद्रणालाही संमती देत नाहीत. पूर्वी एखाद्या उत्साही श्रावकाने खांबाआड यंत्र ठेवून प्रवचन टिपलेले असू शकते. अशा कॅसेटीचे काय करायचे, हे त्या समुदायातील पूज्यांना किंवा संघाला विचारूनच ठरवावे. संगणकावर आलेला आवाज घटकाभरात शंभर भ्रमणध्वनींवर जातो आणि मग परत घेता येत नाही. घरच्यांच्या आवाजाला ही अडचण नाही.

आता संगणकाकडे. कोणतेही यंत्र संगणकाला जोडले की दोघांमध्ये बोलणे करून देणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. व्यापारी घराला तो मुनिमाच्या उदाहरणाने चटकन कळेल. शेठ गादीवर बसलेले असतात, माल गोदामात असतो. कोणता माल कुठे आहे, कोणत्या मापाने मोजायचा आणि कोणाची चिठ्ठी खरी, हे मुनिमाला ठाऊक असते. मुनीम चांगला असेल तर शेठजींना गोदामात जावे लागत नाही. एकाच खतावणीवर दोन मुनीम बसले, किंवा जुना मुनीम किल्ल्या न देताच निघून गेला, तर मात्र पेढीचे काय होते हे वेगळे सांगायला नको. यूएसबी ऑडिओच्या बहुतेक तक्रारी या दोन प्रकारांतल्याच असतात.

पहिला प्रश्न असा विचारावा, की वेगळा मुनीम हवा तरी आहे का? यूएसबीवरून आवाज कसा वाहून न्यायचा याचे सर्वमान्य नियम १९९८ मध्येच ठरले. जी उपकरणे हे नियम पाळतात त्यांना विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणाली आपापल्या अंगभूत ड्रायव्हरने चालवतात. त्यांना सोबतच्या सीडीची गरज नसते. साध्या कॅसेट-प्लेअर पेट्या आणि स्वस्त ऑडिओ पेट्या बहुधा याच जातीच्या असतात. जोडल्यावर त्या संगणकात ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ किंवा ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ अशा सामान्य नावाने दिसतात. ते नाव पाहून पुष्कळांना वाटते की काहीतरी अपुरे राहिले, आणि ते इंटरनेटवर ड्रायव्हर शोधू लागतात. वास्तविक सारे काही नीट झालेले असते. या नियमांची दुसरी, अधिक वेगवान आवृत्ती पुढे निघाली. तिला विंडोजने अंगभूत आधार दिला तो विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून. त्याआधीच्या विंडोजवर अशा उपकरणाला उत्पादकाचा ड्रायव्हर लागतोच.

संगीतकार उत्पादकाचा स्वतंत्र ड्रायव्हर आग्रहाने बसवतात, कारण त्यांना गाताना स्वतःचा आवाज विलंब न होता कानात ऐकू यावा लागतो. कॅसेट उतरवणाऱ्याला हा विलंब मुळीच जाचत नाही. फितीवरचा आवाज संगणकात क्षणाच्या काही अंशाने उशिरा पोहोचला तरी त्याचे काही बिघडत नाही. म्हणून घरच्या कामाला अंगभूत ड्रायव्हर पुरेसा असेल तर तोच उत्तम. गरजेपेक्षा जास्त काही न ठेवणे हा अपरिग्रहाचा नियम येथे अगदी सहज लागू पडतो.

बहुतेक घरांत ऑडिओ पेटी मात्र नवी नसते. भाच्याने संगीत शिकताना घेतलेली, पंधरा वर्षांपूर्वीची पेटी हाती येते आणि तिचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या काळातला असतो. असा बत्तीस-बिटी ड्रायव्हर आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाही. शिवाय चौसष्ट-बिटी विंडोज व्हिस्टापासून अंतर्भागात शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर अंकीय स्वाक्षरी मागते, आणि २०१६ नंतर नव्या ड्रायव्हरना मायक्रोसॉफ्टचीच स्वाक्षरी आवश्यक झाली. ही तपासणी तात्पुरती बंद करण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ज्या संगणकावर पेढीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार आहेत, तेथे ही युक्ती करू नये. दाराचे कुलूप काढून गोदाम उघडे ठेवण्यासारखे ते आहे. जुनी पेटी चालवायचीच असेल तर घरातला जुना लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून त्या कामाला लावावा. दुसरा मार्ग म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहणे. लिनक्समध्ये यूएसबी ऑडिओची व्यवस्था मुळातच असल्याने विंडोजने नाकारलेली कितीतरी उपकरणे तेथे मुकाट्याने चालू लागतात.

ड्रायव्हर बसवण्यापेक्षा काढणे अधिक नाजूक असते, आणि बहुतेक घोटाळे अर्धवट काढण्यातूनच होतात. केबल उपटली आणि फोल्डर कचरापेटीत टाकला म्हणजे ड्रायव्हर गेला, असे होत नाही. विंडोज प्रत्येक ड्रायव्हरची एक प्रत ‘ड्रायव्हर स्टोअर’ नावाच्या स्वतःच्या कोठारात ठेवते. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमधून उपकरण नुसते काढले आणि पुन्हा जोडले, की कोठारातला तोच जुना मुनीम पुन्हा गादीवर येऊन बसतो. वापरणारा चक्रावतो आणि चार-पाच वेळा तेच करून थकतो.

योग्य क्रम असा आहे. आधी ‘सिस्टिम रिस्टोअर’चा एक बिंदू तयार करावा, म्हणजे काही बिघडले तर मागे येता येईल. मग सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत उत्पादकाचा प्रोग्राम शोधून त्याच्याच अनइन्स्टॉलने तो काढावा, कारण त्याने कुठे काय ठेवले आहे हे त्यालाच ठाऊक असते. केबल काढून संगणक पुन्हा सुरू करावा. यानंतर डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘व्ह्यू’ या मेन्यूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडावे. आता न जोडलेली उपकरणेही फिकट रंगात दिसू लागतात. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या शीर्षकाखाली त्याच पेटीच्या दोन, तीन, कधी पाच फिकट नोंदी सापडतात. हे एक छोटे कोडेच वाटते. उत्तर असे, की ज्या उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नसतो ते प्रत्येक वेगळ्या यूएसबी छिद्रात जोडल्यावर विंडोजला नवे वाटते, आणि ती नवी नोंद करून नावाआधी ‘२’, ‘३’ असे आकडे लावते. जणू एकाच गिऱ्हाइकाची पाच खाती. म्हणून ऑडिओ पेटी नेहमी एकाच छिद्रात जोडावी आणि त्या छिद्राजवळ खूण करून ठेवावी.

या फिकट नोंदींवर उजवी टिचकी देऊन ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडले की एक चौकट येते. तिच्यात ड्रायव्हर काढण्याविषयीचा एक छोटा चौकोन असतो. विंडोज १० मध्ये ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुसण्याबद्दल आणि विंडोज ११ मध्ये ते काढण्याचा प्रयत्न करण्याबद्दल तेथे लिहिलेले असते. या चौकोनात खूण केली तरच कोठारातली प्रत जाते. सारा खटाटोप या एका खुणेवर अवलंबून असतो, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. एवढे करूनही जुना ड्रायव्हर परत आलाच, तर विंडोजमध्ये ‘पीएनपी-युटिल’ नावाचे साधन आहे. कोठारातील बाहेरच्या ड्रायव्हरांची यादी दाखवून हवा तो काढण्याचे काम ते करते. ते माहितगारानेच वापरावे.

पेढीच्या संगणकावर हे काम करताना आणखी एक जयणा हवी. त्या संगणकाला अंकीय स्वाक्षरीचा यूएसबी टोकन, बारकोड यंत्र आणि बिले छापणारा प्रिंटर जोडलेला असतो, आणि त्या प्रत्येकाला आपापला ड्रायव्हर असतो. फिकट नोंदी दिसू लागल्या की सगळा पसारा एकदम साफ करण्याचा मोह होतो. त्यात स्वाक्षरीच्या टोकनची नोंद गेली, तर २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरताना कपाळावर हात मारावा लागेल. ज्या नोंदीचे नाव ओळखीचे नाही तिला हात लावू नये, आणि विवरणपत्राच्या आठवड्यात हे काम काढूच नये. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर जुने झाले आहेत’ असे सांगून पैसे मागणारे प्रोग्राम आणि दूरध्वनीवरून संगणकाचा ताबा मागणारे अनोळखी तंत्रज्ञ, या दोघांना तर उंबऱ्याबाहेरच ठेवावे. ड्रायव्हर लागलाच तर तो उत्पादकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, उपकरणाच्या मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक जुळवून घ्यावा.

बसवताना क्रम उलटा असतो. अनेक उत्पादकांचा ड्रायव्हर बसवताना पेटी जोडलेली नसावी लागते. प्रोग्राम स्वतः सांगेल तेव्हाच केबल लावायची. घाईने आधी केबल लावली तर विंडोज आपला सामान्य ड्रायव्हर लावून टाकते आणि मग दोन मुनिमांचा प्रसंग उभा राहतो. तसे झालेच तर फार घाबरू नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून, संगणकावरील यादीतून स्वतः निवडण्याचा पर्याय घेतला की दोन्ही नावे समोर येतात आणि हवे ते निवडता येते. काही चुकले असेल तर विंडोज त्याचा क्रमांकही सांगते. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. तेव्हा आधी दुसरी केबल वापरून पाहावी आणि मध्ये यूएसबी हब असेल तर तो काढून पाहावा, ड्रायव्हर नंतर. ५२ म्हणजे स्वाक्षरी पटली नाही. ४५ म्हणजे उपकरण जोडलेलेच नाही, आणि फिकट नोंदींवर तो दिसणे स्वाभाविकच आहे.

‘संगणकाचा आवाजच गेला’ अशी तक्रार पेटी जोडल्याबरोबर येते. यात बिघाड काही नसतो. नवी पेटी आली की विंडोज आवाज बाहेर सोडण्याचे कामही तिच्याकडेच देते आणि स्पीकर गप्प होतात. साउंड सेटिंग्जमध्ये बाहेर जाणाऱ्या आवाजासाठी पुन्हा स्पीकर आणि आत येणाऱ्या आवाजासाठी पेटी निवडली की झाले. एवढ्यासाठी ड्रायव्हर काढून पुन्हा बसवणारी मंडळी थोडी नाहीत. तसेच, पेटी दिसते पण ध्वनिमुद्रणात शांतता येते, तेव्हा प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये मायक्रोफोनची परवानगी पाहावी. विंडोज टेपच्या आवाजालाही मायक्रोफोनच समजते आणि परवानगी नसेल तर काही न बोलता तो अडवते.

एवढे झाल्यावरही ‘बा’ची कॅसेट हातात घ्यायची नाही. आधी एखादी जुनी चित्रपटगीतांची, गेली तरी चालेल अशी कॅसेट लावावी. टेपचे हेड आणि रबरी चाक स्वच्छ करून पूर्ण सुकू द्यावे. जोडणी टेपच्या ‘लाइन आउट’मधून पेटीच्या ‘लाइन इन’मध्ये असावी. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात जोडले तर आवाज फाटतो आणि बहुधा एकाच बाजूचा उतरतो. विंडोजमधील आवाज ‘सुधारण्याचे’ सगळे पर्याय बंद करावेत, कारण ते जुन्या फितीवरील हलका स्वर गोंगाट समजून पुसतात. माप सगळीकडे एकच असावे. विंडोजमध्ये ४४,१०० आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये ४८,००० असे असेल तर दुकानात दोन वजनमापे ठेवल्यासारखे होते. आवाजाची पट्टी सर्वांत मोठ्या स्वरालाही शिखरापासून सहा डेसिबल खाली राहील अशी ठेवावी. ऑडॅसिटीसारखा विनामूल्य प्रोग्राम या कामाला पुरतो.

मग चाचणीची एक पूर्ण बाजू उतरवून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी. मध्येच टक-टक ऐकू आले, तर वीज वाचवण्यासाठी यूएसबीला झोपवणारी ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोय बंद करावी, संगणक झोपी जाण्याची वेळही काढून टाकावी आणि पुन्हा ऐकावे. दोन्ही बाजूंचा आवाज, सर्वसाधारण प्रतीत, न दाबता ‘वेव्ह’ रूपात ठेवला तर मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे सहाशेहून थोडे अधिक. आजच्या डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. म्हणून मूळ प्रत अशीच ठेवावी, आणि नातेवाइकांना पाठवायची छोटी प्रत तिच्यावरून करावी. मूळ प्रत दोन निरनिराळ्या डिस्कवर असावी आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी, एखाद्या बहिणीकडे ठेवावी.

चाचणी निर्दोष ठरली की ‘बा’ची पाळी. गादी शाबूत आहे का, आरंभीचा तुकडा जोडलेला आहे का हे पाहून फीत संथपणे एकदा पुढे-मागे फिरवावी आणि मगच ध्वनिमुद्रण सुरू करावे. या पाऊण तासात त्या संगणकावर दुसरे काहीही करू नये, बिल काढू नये, संदेश पाहू नयेत. शेजारी एक वही ठेवावी आणि कोणत्या मिनिटाला काय ऐकू आले, मागे कोण बोलले, ते लिहीत जावे. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला जवळ बसवावे. आवाज ओळखणारे कान तिचेच असतात.

आणि स्तवन संपले म्हणून यंत्र लगेच थांबवू नये. फीत रिकामी वाटली तरी बाजू संपेपर्यंत चालू द्यावी. त्या काळी यंत्र बंद करायला उठायचे पुष्कळदा राहून जाई. म्हणून गाणे संपल्यावरही स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येतात, कोणी जिन्यावरून लहान मुलाला नावाने हाक मारते, खाली दुकानाचे शटर ओढल्याचा आवाज होतो, आणि बा कोणाला तरी विचारते, सूर्यास्ताला अजून किती वेळ आहे, मंडळी जेवून झाली का.